अप्पांना आडवं पडायची बंदी

रिटायर झाल्यावर माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, पहिलं काम काय केलं असेल, तर उशी अंगणात भिरकावली. अव्वा, म्हणजे माझी आई, उन्हात तांदूळ निवडत बसली होती. उशी तिच्या सुपाशेजारी येऊन पडली.

"आता मला टेकायला काय बी नको," अप्पा दारात उभं राहून म्हणाले. "सरळ पडणार. फळीवाणी."

अव्वानं उशीवरची माती झटकली आणि ती आपल्या पाठीला लावून घेतली. "पडा की. कोण न्हाई म्हणायलंय?"

अप्पा सरकारी बसचे ड्रायव्हर होते. बसवकल्याणहून उमरगा, सोलापूर, कलबुर्गी, पाठवतील तिकडं. त्यामुळं ड्रायव्हर लोक कसे झोपतात हे मला लहानपणापासून पाठ आहे. स्टिअरिंगवर कपाळ टेकून झोपतात. मागच्या लांब सीटवर गुडघे पोटाशी घेऊन झोपतात. खेड्यात गाडी वस्तीला असली की देवळाच्या भिंतीला पाठ लावून, पाय पसरून झोपतात आणि सकाळी पुजाऱ्याच्या शिव्या खाऊन उठतात. घरी आले तरी अप्पांची सवय सुटायची नाही. जेवण झालं की भिंतीला टेकायचे आणि तिथंच डोकं लवायचं. अव्वा खरकटं काढता काढता ओरडायची, "उतरा! शेवटचा स्टॉप आलाय!" मग ते उठून अंथरुणावर जायचे, पण तोवर पहाटेच्या ड्यूटीची वेळ झालेली असायची.

म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी सुताराकडून सागवानी पलंग करून घेतला. रुंद, बुटका आणि पाण्याच्या पातळीसारखा सपाट. त्यावर पिंजून भरलेली कापसाची गादी. आणि त्यावर अप्पा. उताणे, हात बाजूला, पायाचे अंगठे छताकडं. झोप लागली की घोरणं नाही, कूस नाही, हालचाल नाही. एकदा शेजारीण विरजण मागायला आली, दारातूनच तिला ते तसे दिसले आणि तिनं "अगं बाई" म्हणून पदर तोंडाला लावला. अप्पांनी डोळे न उघडता सांगितलं, "आजून हाय मी. विरजण आत हाय."

अशी काही वर्षं गेली. माणूस सुखी म्हणजे किती सुखी असावा, तर अप्पांएवढा.

मग एका उन्हाळ्यात दुपारी ते पलंगावर एकदम उठून बसले. मी तेव्हा तिथंच होते. मी त्याच गावात दोन गल्ल्या सोडून राहते, मराठी शाळेत शिकवते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जेवायला आईकडंच असते. अप्पांचं तोंड उघडं होतं, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या आणि छातीतून हुक्क्यात पाणी वाजावं तसा आवाज येत होता. "आत हवा जाईना," एवढंच ते बोलले. माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, मी दुकानातून बोलावलं. त्याचं सिमेंट-लोखंडाचं दुकान. तो गाडी घेऊन आला आणि आम्ही त्यांना कलबुर्गीला दवाखान्यात नेलं. वाटभर अप्पा मागच्या सीटवर ताठ बसून होते आणि श्वासाश्वासाच्या मध्ये अण्णाला सांगत होते, "गिअर बदल. थर्डमधी कामून चढवायलास?" तेव्हा मला जरा धीर आला.

दवाखान्यात तीन-चार दिवस गेले. औषधानं छातीतलं पाणी उतरलं. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं. वयानं माझ्यापेक्षा लहान, कपाळाला विभूतीची बारीक रेघ. कन्नडमधून त्यांनी सगळं समजावून सांगितलं. हृदय थकलंय. पंप कमी चालतो, त्यामुळं फुफ्फुसात पाणी साठतं. मीठ कमी, पाणी मोजून, गोळ्या चुकवायच्या नाहीत. "आणि सपाट झोपायचं नाही. कमरेपासून वरचं अंग उंच ठेवायचं. पाठ, मान, डोकं, सगळं."

अप्पांनी मिठाचं ऐकलं, पाण्याचं ऐकलं, मान हलवली. हे शेवटचं ऐकून त्यांचा चेहरा पडला.

"किती दिवस?"

"आता असंच, अप्पाजी."

अप्पांनी पाय चपलांत सरकवले. मग म्हणाले, "बाई, उभी नोकरी मी बसून झोपलो. मेल्यावर तर आपल्यात बसवूनच पुरतेत. मधी हे थोडकं दिस आडवं पडायला घावलं हुतं, ते बी तुमी काढून घेयलाव?"

आमच्यात माणूस गेला की त्याला मांडी घालून बसवतात आणि तसाच मातीत ठेवतात. ते डॉक्टरीणबाईंना सांगावं लागलं नाही, त्याही आमच्यातल्याच. त्यांना हसू आलं, ते लपवायला त्यांनी फाईल तोंडापुढं धरली. अव्वा मात्र चिडली. "जरा शुभ बोला की वं. दवाखान्यात हाव."

घरी आल्यावर उशांचं पर्व सुरू झालं. अव्वानं घरातल्या सगळ्या उशा गोळा केल्या. कापसाच्या, सावरीच्या, एक अण्णाच्या पोराची हत्तीच्या आकाराची, आणि माझ्या लग्नातली, जिच्यावर मी स्वतः रंगीत दोऱ्यानं 'शुभ रात्री' काढलं होतं आणि त्यातली वेलांटी चुकली होती. या सगळ्या एकावर एक रचल्या. अप्पांना वर चढवलं. दिसायला राजेशाही दिसत होतं. पाच मिनिटांत वरची उशी मागं गेली, मधली डावीकडं गेली, हत्ती खाली पडला, आणि अप्पांचं डोकं तेवढं उंचावर राहून पाठ सपाट झाली. हनुवटी छातीला टेकली. श्वास मोकळा व्हायचा तो उलट अडायला लागला.

"मान टाकलेल्या बैलावाणी दिसायलाव," अव्वा म्हणाली.

"बैलाला निदान उशी देत न्हाईत," अप्पा म्हणाले.

मी एक हुशारी केली. उशा एकमेकींना टाके घालून जोडल्या. त्याचा एक डोंगर तयार झाला. तो डोंगर आता एकसंध सरकायला लागला, एवढाच फरक.

मग अण्णा पुढं झाला. जगातल्या कुठल्याही अडचणीवर अण्णाकडं सिमेंट, लोखंड किंवा वीट यांपैकी काहीतरी असतं. त्यानं पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावल्या. विचार बरोबर होता. पलंगच तिरपा केला की वरचं अंग आपोआप वर. दुपारी जेवून अप्पा त्यावर पडले. आम्ही सगळे उभे राहून बघत होतो. अव्वानं शेजारणीलाही बोलावलं होतं. जरा वेळ बरं गेलं. मग अप्पा हळूहळू खाली यायला लागले. झोपेतच. आधी टाचा पलंगाबाहेर आल्या, मग पोटऱ्या, आणि धोतर मात्र वरच राहायला लागलं. शेजारीण तोंड फिरवून घरी गेली.

अप्पांनी डोळे उघडले. "उताराला गाडी न्यूट्रलमधी सोडलीय व्हय रे?"

अण्णानं पायथ्याला फळी ठोकली. आता अप्पा घसरून त्या फळीवर उभे राहिल्यासारखे झोपायला लागले. सकाळी उठले की तळपायांना मुंग्या. शिवाय अव्वाही त्याच पलंगावर झोपायची. तीही घसरायची, आणि ती उंचीनं कमी असल्यामुळं जास्त अंतर घसरायची. तिनं विटा काढायला लावल्या. "माझं काळीज ठणठणीत हाय," ती म्हणाली. "मला कामून उताराला लावायलाव?"

त्यानंतर अप्पा खुर्चीत झोपायला लागले. प्लॅस्टिकच्या. हे सगळ्यात वाईट होतं, कारण ते कुरकुर करेनासे झाले. रात्रभर डुलक्या काढायचे, मान एकदा या खांद्यावर, एकदा त्या खांद्यावर. दिवसा डोळे लाल. जेवताना हातातला घास तसाच राहायचा. अव्वा त्यांच्याशेजारी जमिनीवर अंथरूण टाकून पडायची आणि तिलाही झोप नसायची. एकदा मी सकाळी गेले तर दोघं एकमेकांकडं पाठ करून चहा पीत होती. भांडण झालं नव्हतं. बोलायला अंगात बळच उरलं नव्हतं.

ही बातमी भालकीला माझ्या आत्याच्या कानावर गेली. अप्पांची ही थोरली बहीण. तिला आम्ही सगळे मोठी अक्का म्हणतो. ती सगळे देव करते. आपले, दुसऱ्यांचे, दर्ग्याचा उरूस, जे जवळ असेल ते. ती पहिल्या बसनं आली, अप्पांकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "गाणगापूरला चल. दत्ताच्या पायाशी नीज. झोप येतीय का न्हाई बघू."

"दत्त काय उशी देतो काय?" अप्पा म्हणाले.

"तोंड आवर."

अप्पांना वाद घालायचं त्राण नव्हतं. मला सुट्टी होती. अप्पा, अव्वा, मोठी अक्का आणि मी, असे चौघं गाणगापूरला गेलो. दर्शन झालं. मोठ्या अक्कानं सगळ्यांच्या वाटचा नमस्कार स्वतःच घातला. मग लॉजवर आलो. महाराष्ट्रातून आलेल्या भक्तांनी लॉज भरलेला. आमच्या खोलीत लोखंडी कॉट, त्यावर पुठ्ठ्याएवढी गादी, आणि चौघांत मिळून दोन उशा. भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं. शेषशायी विष्णूचं. अप्पा कॉटवर बसून त्याच्याकडं एकटक बघत राहिले. मोठ्या अक्काला वाटलं, भक्तीचा पान्हा फुटला. ती हात जोडून उभी राहिली.

"अक्का, ह्याचं बघ," अप्पा म्हणाले. "ह्याचा कोन बरोबर हाय. कमरंपासून वर. खाली नाग हाय म्हणून सरकत बी न्हाई. आणि पाय चेपायला बायको."

मोठ्या अक्कानं स्वतःच्या दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या. अव्वा म्हणाली, "पाय मी बी चेपते. नाग तेवढा तुमी आणा."

त्या रात्री खुर्चीही नव्हती. अप्पा खिडकीच्या कठड्याला टेकून बसून राहिले.

परतीच्या दिवशी आम्ही कलबुर्गीला आलो. तिथून हुमनाबाद आणि हुमनाबादहून बसवकल्याण, असा बेत. सरकारी बसला गर्दी उसळली होती. शेजारी हैदराबादला जाणारी एक खाजगी गाडी उभी होती. एसी, पडदे, मागं कलणाऱ्या सीटा. क्लीनर ओरडत होता, "हुमनाबाद, जहिराबाद, हैदराबाद." मी म्हटलं, ह्याच्यानं जाऊ.

अप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांना धर्म बदलायला सांगितला. खाजगी गाड्या म्हणजे त्यांचे जन्माचे वैरी. स्टँडच्या तोंडाशी उभं राहून सरकारी गाडीचे पॅसेंजर पळवणारे. नोकरीत असताना ते हायवेवर या गाड्यांना साईड द्यायचे नाहीत. पण पाय सुजले होते, डोळे मिटत होते. अव्वानं त्यांचा दंड धरला आणि चढवलं. क्लीनरनं खटका दाबून त्यांची सीट मागं केली आणि पायाखालची फळी ओढून वर आणली.

"ड्रायव्हरला हॉर्न जास्ती वाजवू नको म्हणून सांग," अप्पा त्याला म्हणाले. आणि गाडी कलबुर्गीच्या बाहेर पडायच्या आत झोपले.

तशी झोप मी बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर, श्वास संथ. एसीचा वारा त्यांच्या पांढऱ्या केसांवरून जात होता. अव्वा खिडकीकडं बसली होती, पण ती बाहेर बघत नव्हती. त्यांच्या छातीकडं बघत होती. वर, खाली, वर, खाली.

हुमनाबाद आलं. क्लीनर ओरडला. मोठी अक्का उठून पिशव्या काढायला लागली. मी अप्पांच्या खांद्याला हात लावणार, तर अव्वानं माझं मनगट धरलं.

"उठवू नको."

"अव्वा, हुमनाबाद हाय."

"असू दे. झोपू दे त्यास्नी."

"आणि आपण कुठं जायचं?"

"जातीय तिकडं जाऊ."

मोठी अक्का मधल्या वाटेत उभी राहून बोंबलायला लागली, "वेडी हायस का गं? स्टॉप आलाय आपला! ह्ये हैदराबादला जायलीय गाडी!" मागचे लोक वैतागले. क्लीनर म्हणाला, "उतरणार का न्हाई?" अव्वा म्हणाली, "न्हाई. म्हातारा उठला की उतरतो." क्लीनरनं आयुष्यात बरेच स्टॉप ऐकले असतील, हा पहिल्यांदाच ऐकला असावा. गाडी निघाली. मोठी अक्का धपकन खाली बसली आणि गाडीत सापडतील तेवढ्या देवांची नावं घ्यायला लागली.

अप्पा जहिराबादला उठले. तेलंगणात. डोळे चोळून त्यांनी पडदा सरकवला, तेलुगू पाट्या वाचायचा प्रयत्न केला आणि विचारलं, "हुमनाबाद आलं का?"

"येऊन गेलं," अव्वा म्हणाली.

जहिराबादच्या स्टँडवर आम्ही उतरून चहा प्यायलो. मोठी अक्का माझ्याशी, अव्वाशी आणि दत्ताशी, तिघांशीही बोलत नव्हती. अप्पांनी मात्र गरम भजी मागवली. मीठ असतं म्हणून मी त्यांना दिली नाहीत, तर माझ्यासमोर बसून नुसता वास घेत राहिले. चेहरा असा ताजा की म्हातारा दहा वर्षं मागं गेला असावा. "गाडी नालायकांची हाय," ते म्हणाले, "पण सीट चांगली हाय."

पुढचं काम उघड होतं. हुमनाबादला हायवेच्या कडेला जुन्या गाड्या तोडणाऱ्यांची रांगच आहे. अण्णा, अव्वा आणि मी तिथं गेलो. एका यार्डात चक्क तशाच सीटा रचून ठेवलेल्या होत्या. निळ्या मखमलीच्या, डोक्याच्या ठिकाणी तेलकट डाग, पायाखालची फळी तेवढी नाही. पण अव्वानं हात लावायला नकार दिला.

"अपघाताच्या गाडीतल्या असतील. कोण बसून मेलं असंल काय ठावं."

यार्डवाला पान खात खाटेवर बसला होता. "नै अम्मा," तो म्हणाला, "टकरी नै, जली नै. मालक नवे सीटां बिठाया, पुराने हमकू दिया. कोई नै मरा."

"तुला कसं ठावं?"

"मरते तो हमकू सीट का कपडा बदलना पडता. बदले क्या? देखो."

हा पुरावा अव्वाला पटला. पण सीट एकटी मिळेना. बसच्या सीटा जोडीनं असतात, एकाच लोखंडी सांगाड्यावर. कापून एक देतो का म्हटलं, तर तो म्हणाला एक घेऊन जा, पण मग दुसरी लंगडी मी कुणाला विकू. शेवटी जोडीच घेतली. अण्णानं दुकानाशेजारच्या वेल्डरकडून खाली पाय जोडून घेतले आणि टेम्पोत घालून घरी आणली. बाहेरच्या खोलीत, दाराकडं तोंड करून, खाजगी बसची डबल सीट उभी राहिली. गल्लीतली पोरं तिकीट तिकीट म्हणत आत यायला लागली.

अप्पांनी खटका दाबला, मागं कलले आणि झोपले. त्या दुपारी अव्वानं दार लावून घेतलं, गल्लीतल्या भाजीवाल्याला गप्प बसवलं आणि दाराबाहेर पायरीवर राखणीला बसली. रात्रीही ते तिथंच झोपायला लागले, आणि चार-आठ दिवसांत त्यांचा रंग पालटला. ते परत शिव्या द्यायला लागले, म्हणून आम्हीही निर्धास्त झालो.

तपासणीला कलबुर्गीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या पायांवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"झोपता कसे?"

अप्पांनी मोठ्या अभिमानानं सगळं सांगितलं. जहिराबादही सांगितलं. बाई आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. रात्रभर पाय खाली लोंबत असतील तर पाणी पायात उतरणार, म्हणाल्या. दुपारी घटकाभर बसायला सीट ठीक आहे. रात्री पलंगच हवा.

"पलंगावर घसरतोय की ओ," अप्पा म्हणाले.

बाईंनी त्यांना शेजारच्या खोलीतल्या खाटेवर नेलं आणि एका सिस्टरला बोलावलं. सिस्टरनं आधी खाटेचा वरचा भाग उचलला, मग अप्पांना कंबर अगदी खाट दुमडते त्या जागी येईल असं मागं सरकायला लावलं. आमची चूक तिथंच होती. आम्ही मान उचलत होतो, तिनं कंबरेपासून उचललं. मग गुडघ्यांखाली एक जाड उशी. पाय किंचित वर आले आणि घसरणं थांबलं. मानेच्या पोकळीत टॉवेलची गुंडाळी, फार नाही, पोळपाटावरच्या लाटण्याएवढी. दोन्ही हातांखाली एकेक पातळ उशी, म्हणजे खांदे ओढले जात नाहीत.

अप्पा तसे पडून राहिले. हलेनात. अव्वा घाबरून वाकली, तर ते झोपले होते. दवाखान्यात, भर ओपीडीत, सिस्टरचा हात अजून टॉवेलवर असताना. डॉक्टरीणबाई पुढच्या पेशंटकडं गेल्या आणि आम्ही त्यांना उठवायचं कसं याचा विचार करत उभे राहिलो. अव्वा सोबत होती, त्यामुळं न उठवण्याचीच शक्यता जास्त होती.

तसली कळ दाबून वर होणारी खाट घरी आणायला अप्पा तयार नव्हते. "घराचा दवाखाना करू नका." मग बसवकल्याणातल्या गादीवाल्याकडून आम्ही कडक फोमचा एक उतार कापून घेतला. पाचरीसारखा, कंबरेकडं पातळ आणि डोक्याकडं जाड. गादीवाल्यानं पहिल्यांदा तो दोन्हीकडं पातळ आणि मधे जाड कापला होता, म्हणजे पाठीच्या मधोमध टेकाड येत होतं. तो परत करून दुसरा घेतला. मी त्याला जाड सुती खोळ शिवली. खालच्या बाजूला रबराची जाळी लावली, चटईखाली लावतात तसली, म्हणजे गादीवर सरकत नाही. सागवानी पलंग, त्यावर उतार, त्यावर अप्पा, गुडघ्यांखाली हत्ती. हत्तीची जाडी बरोबर निघाली. अण्णाच्या पोरानं तो आजोबांना कायमचा दिला.

आता अव्वाची तक्रार सुरू झाली. ती शेजारी सपाट झोपते आणि अप्पा उंच. "मान वर करून बोलावं लागायलंय तुमाशी," ती म्हणाली. "खालच्या बर्थवर टाकलंव मला."

"तुझ्यासाठी बी एक कापू का, अव्वा?" मी विचारलं.

"नको. मी सपाटच बरी." आणि पांघरूण ओढून घेत, "ह्येंचं बोलणं वरून येतंय, माझ्या डोक्यावरनं जातंय. बरं हाय."

सीट बाहेरच्या खोलीत राहिली ती राहिलीच. खिडकीकडची बाजू अव्वानं घेतली. दुपारी जेवण झालं की ती तिथं मागं कलते आणि डोळा लागायच्या आत शेजारणीला फोनवर सांगते, "जरा बसमधी हाय, मागनं बोलते." दुसऱ्या सीटवर कोणीही बसतं. गल्लीतली सात महिन्यांची पोटुशी सून येते, कारण तिला आडवं पडलं की जळजळतं. शाळेतले आमचे हेडमास्तर एकदा अप्पांना बघायला आले, आपल्यालाही रात्री पित्त वर येतं म्हणाले, आणि बसून बघतो म्हणता म्हणता शाळा सुटेपर्यंत झोपले.

थंडीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता पाणी बरंच उतरलंय, उतार जरा कमी केला तरी चालेल, पातळ घ्या. मला वाटलं अप्पा नाचतील. घरी येऊन त्यांनी तो पाचरीसारखा तुकडा काढला आणि दोन उशांवर पडून बघितलं. थोड्याच वेळात हाक आली.

"ते वर ठेव गं परत."

"कामून? दम लागायलाय?"

"दम न्हाई. निसतं छतच दिसायलंय."

उतारावरून त्यांना दार दिसतं, गल्ली दिसते, टीव्ही दिसतो, कोण आलं, कोणाच्या हातात काय आहे, अव्वा काय लपवायलीय, सगळं दिसतं. उतार कमी करायची परवानगी असून अप्पांनी ती वापरली नाही. औषधाच्या बाबतीतही त्यांनी एवढा आज्ञाधारकपणा कधी दाखवला नव्हता.

गेल्या महिन्यात मोठी अक्का आली. जहिराबादचा राग तिनं बरेच दिवस धरला होता. ती दुपारी सहज म्हणून अप्पांच्या पलंगावर, त्यांच्या उतारावर टेकली. संध्याकाळी उठली तेव्हा तिचं म्हणणं पडलं की हे दत्तानंच केलं, नुसतं दुकान गादीवाल्याचं. आणि तिला एक पाहिजे. आत्ता.

गादीवाल्यानं कापून दिला. मी खोळ शिवली. दुसऱ्या दिवशी अप्पा, अव्वा आणि मी तिला भालकीच्या बसला बसवायला स्टँडवर गेलो. सरकारी बस. उतार दारातून आडवा जाईना, उभा घातला तर वर अडकला. शेवटी मागून दोघा जणांनी ढकलला. कंडक्टर, पोरगाच होता, म्हणाला, "लगेजचं तिकीट काढावं लागंल, अज्जी."

"लगेज? उशी हाय ती!"

"येवढी उशी?"

"डोकं तेवढं हाय माझं! उशीला कुठं लगेज असतंय व्हय? ह्यो बघ, माझा भाऊ ह्याच गाडीवर ड्रायव्हर हुता. त्याला इचार!"

कंडक्टरनं खाली उभ्या असलेल्या अप्पांकडं बघितलं. मोठ्या अक्कानं बघितलं. अर्ध्या बसनं बघितलं. अप्पांनी दोन्ही हात मागं बांधले, त्या फोमच्या पाचरीकडं नीट निरखून बघितलं, मग दुसऱ्या बाजूनं जाऊनही बघितलं.

"लगेज लागतंय," ते म्हणाले.